वेबसाइटची गावपळण

शेलवण,
९ सप्टेंबर २०२५

साजिद,

गणपती गेले, चाकरमानी गेले, आणि जाताना माझ्या गळ्यात एक लोढणं अडकवून गेले. लोढणं म्हणते खरी, पण मनातून मी इतकी फुगलेय की विचारू नकोस. गावाची वेबसाइट पुन्हा उभी करायची आणि ती मी करायची, असं चतुर्थीतल्या सभेत ठरलं. रवळनाथाच्या देवळात, अख्ख्या गावासमोर. माझं नाव सुचवलं कोणी? बाबलीआबांनी! गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस जेव्हा उठून सांगतो, "आमच्या शर्मिलाक जमतला ता," तेव्हा पुढे कोण काय बोलणार? सातबारा काढायला माझ्या ई-सेवा केंद्रात येणारी माणसं आता मला जरा अदबीने हाक मारतात.

जुन्या साइटचं तुला माहीत आहेच. फुकट मिळते म्हणून कुणाच्या तरी सेवेवर मांडलेला संसार. त्यांनी एक दिवस दुकान बंद केलं आणि आपलं गाव पुसलं गेलं. फोटो गेले, जत्रेचे व्हिडिओ गेले, मागच्या गावपळणीत अख्खा गाव वेशीबाहेर निघाला तेव्हा घातलेलं बाबलीआबांचं गाऱ्हाणंही गेलं.

आता दोन पक्ष पडलेत. मुंबई मंडळाचा सेक्रेटरी अजय म्हणतो, तयार प्लॅटफॉर्म भाड्याने घ्या. चित्र बोटाने उचलायचं, हवं तिथे ठेवायचं, बाकीची कटकट त्यांची. नमुना दाखवला त्याने, चित्रं अशी सरकत येतात की बायका बघतच राहिल्या. मी म्हणते, साइट बांधायचं ते फुकटचं सॉफ्टवेअर, वर्डप्रेस, घ्यायचं, आणि तेही दुसऱ्याच्या मशीनवर नाही. कंप्युटर आपला, खोली आपली, गाव आपलं. पुन्हा कुणाच्या दुकानाच्या फळ्या लागल्या म्हणून आपण रस्त्यावर यायला नको.

तू बोटीवर एवढी यंत्रं सांभाळतोस, तर तुझं मत दे. माझ्यासारखंच दे म्हणजे झालं.

शर्मिला

ता. क. तुझे अब्बा, आमचे कमरुद्दीन चाचा, बरे आहेत. गुडघ्याला तेल चोळून घेतात आणि डॉक्टरला नावं ठेवतात.


बोटीवरून, मोम्बासाच्या वाटेवर,
२१ सप्टेंबर

शर्मिला,

मत मागतेस आणि कोणतं द्यायचं तेही बजावतेस. जामसंड्याला कंप्युटरच्या कोर्सला जायचो तेव्हाही तुझं असंच होतं. सरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तुझं उत्तर तयार.

तरी सांगतो. अजयचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. तयार प्लॅटफॉर्मवर उद्या सकाळी साइट उभी राहते आणि तू आजारी पडलीस तरी चालू राहते. वर्डप्रेस घेतलंस तर मालकी तुझी आणि राबणंही तुझंच. नवी आवृत्ती आली की चढवायची, प्रत काढून ठेवायची, कुणी आगाऊ आत घुसलं तर हाकलायचं. त्यात कंप्युटर गावात ठेवणार म्हणतेस. पावसाळ्यात आपल्याकडची वीज कशी असते ते मी तुला सांगू? वर्डप्रेस घे, पण मशीन बाहेर कुठेतरी ठेव.

काहीही घेतलंस तरी एक प्रश्न आधी विचार. उद्या इथून निघायचं झालं तर आमचं सगळं सामान आम्हाला एकत्र बाहेर काढता येईल का? आत कसं यायचं ते सगळेच हसत सांगतात. बाहेर कसं पडायचं ते विचारलं की माणसं ओळखू येतात.

आता माझं दुखणं. जुनी साइट गेली तेव्हा तुम्ही फोटोंसाठी हळहळलात. त्या गाऱ्हाण्यात, सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो ना, त्याच्या पाठोपाठ अब्बांचा "आमीन" ऐकू यायचा. मागे वडाखाली उभं राहून, दर वेळी, आपल्या सावकाश चालीत. प्रत्येक सफरीत मी ते लावायचो. फोनमध्ये उतरवून घ्यायचं कधी सुचलंच नाही, गावाच्या साइटवर आहे म्हणजे आहेच असं वाटायचं. आता अब्बांना फोनवर म्हणतो, एकदा आमीन म्हणा, मी टिपून घेतो. तर म्हणतात, "गाराण्याबिगर कसो म्हणू?"

तेव्हा पुढची गावपळण होईल तेव्हा ते गाऱ्हाणं मला हवंय. ते जिथून हरवणार नाही आणि इथे समुद्रात उघडेल अशा जागी ठेव. बाकी चित्रं सरकू देत नाहीतर नाचू देत.

साजिद


शेलवण,
१९ ऑक्टोबर

साजिद,

जिंकले! दिवाळीच्या तोंडावर पुन्हा सभा झाली. अजय फोनवरून बोलत होता, स्पीकर लावलेला. त्याने सरकत्या चित्रांचं गुणगान केलं. बाबलीआबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तुझा यंत्र खंय ऱ्हवतला?"

अजय म्हणाला, "परदेशात कुठेतरी असतं आबा. नक्की सांगता येणार नाही."

मग आबा माझ्याकडे वळले. "आणि तुझा गो?"

"देवळाच्या बाजूच्या खोलयेत, आबा."

"झाला तर मगे. गावाचा ता गावात."

संपली सभा! खोलीला रंग दिला, इन्व्हर्टर बसवला, इंटरनेटच्या लाइनवाल्याकडून साइटसाठी कायमचा पत्ता मागून घेतला. पहिल्या दिवशी आबांनी यंत्राला हार घातला आणि नारळ वाढवला. पाणी आत जाईल म्हणून माझा जीव खालीवर होत होता, पण अभिमानाने ऊर भरून आला होता हेही लिहून ठेवते. अख्ख्या तालुक्यात स्वतःच्या कंप्युटरवर स्वतःची साइट असलेलं गाव दाखव मला. आणि सरकती चित्रं मीसुद्धा घातलीत. अजयला वाटायला नको, फक्त त्यालाच येतं.

तुझा तो बाहेर पडायचा प्रश्न मी विचारलाच नाही. आपल्याच घरातून निघायची वाट कोण शोधत बसतं? शेलवण कुठे जाणार आहे?

आणि आता खरी बातमी. कौल झाला! देवाने उजवा दिला, होकार मिळाला. मार्गशीर्षात गावपळण. पाहुण्यांसाठी मी साइटवर एक पान लिहिलंय, वाच आणि चुका काढ:

"दर चार-पाच वर्षांनी रवळनाथाचा कौल होतो आणि शेलवणातली सगळी माणसं तीन दिवस गावाच्या वेशीबाहेर राहायला जातात. हिंदू, मुसलमान, सगळी. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरंही बरोबर असतात. त्या दिवसांत गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. गाव देवाच्या हवाली असतो. तीन दिवसांनी पुन्हा कौल घेतात, आणि देवाने होकार दिला की सगळे परततात."

चाचांनी माडाचे झाप विणायला घेतलेत. म्हणतात, साजिद येणार, यंदा झोपडी ऐसपैस हवी. तुझी सुटी डिसेंबरातच ना? तारीख कळव.

शर्मिला


बोटीवरून,
३ नोव्हेंबर

शर्मिलाबाई, वेबसाइटच्या मालकीणबाई, यंत्राला हार घालून घेणाऱ्या बाई,

मुजरा! तुझा विजय आमच्या मेसमध्ये साजरा केला. आचाऱ्याने खीर केली होती, ती दुसऱ्याच कुणाच्या वाढदिवसाची होती, पण मी तुझ्या नावाने दोन वाट्या खाल्ल्या. यंत्राला नारळ वाढवणारी तू पहिलीच असशील. पुढच्या वेळी त्याला थोडी साखरही ठेव.

आता एक तक्रार. तुझी साइट इथे उघडत नाही. बोटीवर नेट आम्हाला वाटून मिळतं, चमच्याने पाजल्यासारखं. तुझ्या सरकत्या चित्रांपैकी पहिलं अर्धं सरकलं आणि तिथेच बसलं. देवळाचा कळस दिसतो, देऊळ नाही. गावपळणीचं पान वाचायचं होतं ते वाचता आलं नाही, तू ईमेलच्या पत्रात उतरवलंस म्हणून कळलं.

पान झकास आहे, चुका नाहीत. मांजरं स्वखुशीने येत नाहीत एवढं घाल. तुमची मनी मागच्या खेपेला पोत्यातून गेली होती आणि पोतं माझ्या डोक्यावर होतं.

सुटीचं कळवतो. अब्बांना सांग, झाप छान विणा.

साजिद


शेलवण,
२१ नोव्हेंबर

साजिद,

तुझं पत्र वाचून चाचांना सांगितलं, पोरगा खुशीत आहे, नुसता हसतोय. त्यांनी नुसती तेलाची बाटली मागितली. गुडघा दुखत असेल.

मी मात्र रडकुंडीला आलेय. रागाने.

गावपळणीची तयारी ठरवायला काल देवळात बसलो होतो. पाण्याचं ठरलं, गुरांचं ठरलं. शेवटी बाबलीआबा खोलीकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ह्या?"

मी म्हटलं, "आबा, ता चालू ऱ्हवतला. कोणाक तरास नाय तेचो."

"दिवो पेटता मा तेचो?"

"बारको हिरवो एक पेटता."

"म्हणजे ता जागा आसा. जागा आसा ता गावात ऱ्हवाचा नाय."

मी खूप भांडले. म्हटलं, त्याला जीव नाही, ते श्वास घेत नाही, चूल पेटवत नाही. आबा चिडले नाहीत रे, तीच तर पंचाईत. म्हणाले, "गावाचा म्हणून तूच ता गावात आणलंस. गावाचा आसा तर गावाबरोबर भायर पडाक व्हया." माझंच बोलणं त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

यंत्र उचलून नेऊ म्हटलं तर वेशीपलीकडे सड्यावर, त्या उघड्या कातळावर, ना वीज ना लाइन. बंद ठेवलं तर साइट बंद. आणि तीही नेमकी त्या तीन दिवसांत, जेव्हा मुंबई, पुणे, कतार, तू, सगळे डोळे लावून बसलेले असणार. अजयचा फोन आला, "मी तेव्हाच सांगितलं होतं." अजून म्हणतोय, त्याचा प्लॅटफॉर्म घ्या, सगळं आपोआप चालू राहील. गावात मी एवढ्या फुशारक्या मारल्यात की आता तोंड लपवायला जागा नाही.

काय करू ते सांग. तुझ्या "आमीन"ची शपथ आहे.

आणि तारीख? चाचांचे झाप विणून झाले. तुझ्यासाठी वेगळी पडवी काढणार म्हणतात.

शर्मिला


बोटीवरून,
२४ नोव्हेंबर

शर्मिला,

आधी वाईट ते सांगतो. मी येत नाही. माझ्या जागी येणारा माणूस आजारी पडला आणि माझी ड्यूटी फेब्रुवारीपर्यंत वाढली. मागचं पत्र लिहिलं तेव्हाच मला हे माहीत होतं. अब्बांना अजून सांगितलेलं नाही. फोन लावतो आणि भलतंच काहीतरी बोलतो. तू सांगू नकोस, मी सांगेन. आजवर एकही गावपळण चुकली नव्हती माझी. बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा झोपडीतून पेपरला गेलो होतो. इथे थांबतो आणि कामाचं बोलतो.

तू मला लिहिलं होतंस, शेलवण कुठे जाणार आहे? अगं बाई, त्याच पत्रात खाली गावपळणीची बातमी! दर चार-पाच वर्षांनी गुराढोरांसकट बाहेर पडणारा दुसरा गाव दाखव मला. बाहेर पडायची वाट आधी बघायची हे आपल्यालाच नाही कळणार तर कोणाला? आबा बरोबर आहेत. साइटलाही गावपळण करायला लाव.

आणि हे जमण्यासारखं आहे, कारण तू वर्डप्रेस घेतलंस. त्यातून सगळं सामान बाहेर काढता येतं. साधी पानं तयार कर, जी दाखवायला मागे यंत्र राबावं लागत नाही. नुसती ठेवली की दिसतात. ती गावाबाहेरच्या कुठल्याही मशीनवर ठेव. नाव तर आपलंच आहे, गावाच्या नावावर घेतलेलं. दारावरची पाटी काढून झोपडीवर लावायची, एवढंच. लोक त्याच पत्त्यावर येतील.

सगळं नेऊ नकोस मात्र. गावपळणीला आपण कपाट नेतो का? तांदूळ, टोप, चटया, कोंबड्या. सरकती चित्रं घरी ठेव. चार ओळी, एखादा फोटो आणि गाऱ्हाणं. आवाजाची फाइल जमेल तेवढी बारीक कर, म्हणजे माझ्या चमच्यात मावेल. मात्र फार बारीक केलीस तर मागचे आवाज पुसले जातात. मला मागचाच हवाय.

अजयला विचार, त्याच्या प्लॅटफॉर्ममधून गाव बाहेर काढता येतो का.

साजिद


शेलवणचा सडा, वेशीबाहेर,
१२ डिसेंबर

साजिद,

हे झोपडीत बसून फोनवर लिहितेय. इथे घरापेक्षा चांगली रेंज आहे. समोर तुमची झोपडी, मध्ये आमची म्हैस, आणि मनी पोत्यातून निघून तुझ्या अब्बांच्या मांडीवर बसलीय.

क्रमाने सांगते. अजयला विचारलं. त्याने शोधाशोध केली आणि दोन दिवसांनी खालच्या आवाजात म्हणाला, "फोटो एकेक करून उतरवता येतात. बाकी काही निघत नाही." मी काही बोलले नाही. म्हणजे फार काही बोलले नाही. तो बिचारा मग स्वतः मदतीला बसला. पानं त्याने आणि मी मिळून बांधली. नीट जमेपर्यंत दोनदा सगळं मोडलं, एकदा तर गाव उघडायला जावं आणि कोरं पान दिसावं असं झालं. पण झालं! सामान अख्खं बाहेर आलं, एक फोटो मागे राहिला नाही.

काल सकाळी निघताना आबा खोलीच्या दारात उभे राहिले.

"बंद केलंस?"

"केलंय, आबा."

"दिवो?"

"विझलो."

"मगे चल. आता ता जागा नाय, आणि गाव आपल्याबरोबर आसा."

कुलूप लावताना मला भरून आलं. दोन महिने त्या हिरव्या दिव्याचा केवढा तोरा होता मला. सड्यावर पोचल्यावर फोन काढला, आपला पत्ता घातला, आणि माझीच चार वाक्यं समोर आली:

"शेलवण गाव सध्या वेशीबाहेर आहे. घरांना कुलपं आहेत, चुली विझल्या आहेत, कोंबडेसुद्धा आमच्याबरोबर आहेत. देवाचा कौल झाला की परत जाऊ. तोवर आम्ही इथे आहोत."

मी फोन उंच धरून सगळ्यांना दाखवत फिरले. लाज नाही वाटली. अजय फोनवर ओरडत होता, मुंबईत दिसतंय! कतारहून लोकांचे निरोप येत होते. कुणीतरी आबांना सांगितलं की अख्ख्या जगात गावपळण केलेली ही एकच वेबसाइट असेल. आबा म्हणाले, "असतलीच. आमच्या गावची आसा." असा अभिमान मला शाळेतल्या पहिल्या नंबराचाही वाटला नव्हता.

आमचं ठरलंय आता. परत गेल्यावर खोलीतलं यंत्र चालू करू, लिहायचं काम तिथेच करायचं. पण एक प्रत कायम वेशीबाहेरच्या मशीनवर ठेवायची. आणि ज्यातून सगळं सामान घेऊन निघता येत नाही अशा प्लॅटफॉर्मवर शेलवण राहायला जाणार नाही. सभेत हे अजयने फोनवरून मांडलं, मी अनुमोदन दिलं.

आता तुझं. चाचांनी झोपडीला ती पडवी काढलीच. मला राहवेना. म्हटलं, चाचा, साजिद... तर मला पुढे बोलू न देता म्हणाले, "माका म्हायत आसा गो. तो फोनार लय हसाक लागलो काय माका समाजता, ह्यो काय येवचो नाय." मग चटई झटकत म्हणाले, "पडवी ऱ्हवांदे. ह्या खेपेक नाय तर पुढच्या खेपेक." तेव्हा त्यांना आता फोन कर आणि हसू नकोस.

गाऱ्हाणं साइटवर चढवलंय. सगळं ऐक, मध्ये बंद करू नकोस. फाइल मी तीनदा बारीक केली आणि दोनदा पुन्हा जाड केली. का ते तुला कळेल.

शर्मिला


बोटीवरून,
१४ डिसेंबर

शर्मिला,

उघडली. अर्धा कळस नाही, अख्खी साइट उघडली. तुझी चार वाक्यं मी मेसमध्ये उभा राहून वाचली आणि सगळ्यांना इंग्रजीत सांगितली. आमचा युक्रेनचा चीफ इंजिनियर म्हणाला, एवढा मोठा गाव रिकामा करता आणि कुणी कुरकुरत नाही? मी म्हटलं, फक्त मांजरं.

मग आवाज लावला. आबांचा सूर अजून तसाच आहे. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, तुझ्या हुकमान ह्यो गाव आज भायर पडलो आसा." आणि तुम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" पाठोपाठ अब्बा. बारीक, पण स्वच्छ. गुराढोरांसाठी म्हणाले, शेतीभातीसाठी म्हणाले, दर वेळी तुम्ही आणि मागून अब्बा.

आणि मग आबांनी ते घातलं, जे गाऱ्हाण्यात आजवर मी कधी ऐकलं नव्हतं. "आणि जा आमचा लेकरू दर्यार आसा, ज्याका येवक गावला नाय, ता ह्याच गावपळणीत आसा अशी गणती कर म्हाराजा." तुम्ही एवढ्या मोठ्याने ओरडलात की बोटीवरचा लहानसा स्पीकर फाटला.

पण त्या वेळी मागून आमीन आला नाही. मी फोन कानाला लावला. म्हशीचा घुंगूर वाजला, कुणाचं तरी मूल रडलं. मला वाटलं, फाइल बारीक करताना पुसला गेला. मग ऐकू आलं, सगळे गप्प झाल्यावर, एकटे अब्बा. आवाज कापत होता, म्हणून उशीर लागला असणार. "आमीन" म्हणाले, आणि पाठोपाठ माझं नाव घेतलं.

मी तिथेच मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं. सगळे बघत राहिले. आचाऱ्याने विचारलं, हे काय? मी म्हटलं, माझ्या गावात हजेरी अशी देतात.

काल अब्बांना फोन केला. हसलो नाही. बराच वेळ बोललो.

साजिद